आफ्रिकेचा विकासदर आणि संसाराचा खर्च

जुलै २०२५ मध्ये नायजेरियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाची फेरमांडणी केली. आधारवर्ष २०१० ऐवजी २०१९ धरण्यात आले, पूर्वी हिशेबात न घेतलेले किंवा अपुरे घेतलेले अनेक व्यवसाय जमेस धरले गेले आणि २०२४ सालचे उत्पन्न सुमारे २४३ अब्ज डॉलर ठरले. अशीच फेरमांडणी एप्रिल २०१४ मध्येही झाली होती. त्या वेळी १९९० हे आधारवर्ष सोडून २०१० हे घेतल्याबरोबर २०१३ सालचे उत्पन्न एका दिवसात सुमारे ८९ टक्क्यांनी वाढून ५१० अब्ज डॉलरवर गेले आणि दक्षिण आफ्रिकेला मागे टाकून नायजेरिया ही त्या खंडातील सर्वांत मोठी अर्थव्यवस्था ठरली. दोन्ही फेरमांडण्यांत उत्पन्नाचा अंदाज वाढलाच होता. तरीही अकरा वर्षांनंतरचा आकडा आधीच्या आकड्याच्या निम्म्याहून कमी भरला. दरम्यान देशाची लोकसंख्या मात्र सुमारे पाच कोटींनी वाढली होती.

या कोड्याचे उत्तर हुंडणावळीच्या दरात आहे. २०१३ मध्ये एका डॉलरला दीडशेच्या आसपास नायरा पडत. २०२४ मध्ये दीड हजारांच्या आसपास पडू लागले. डॉलरमधील आकडा निम्मा झाला म्हणून नायजेरियातील उत्पादन निम्मे झाले असे नव्हे. आणि २०१४ मध्ये तो जवळजवळ दुप्पट झाला म्हणून कोणाच्या घरात मूठभर धान्य अधिक आले असेही नव्हे. सांख्यिकांनी आपले काम नेमून दिलेल्या पद्धतीनेच केले. प्रश्न आहे तो अशा आकड्यांवरून आफ्रिकेविषयी जी अनुमाने काढली गेली त्यांचा. कारण त्या अनुमानांवर कर्जे दिली-घेतली गेली, कारखाने उभारले गेले आणि धोरणेही आखली गेली.

पंधरा वर्षांपूर्वी आफ्रिकेविषयी लिहिणाऱ्यांत उत्साहाची लाट होती. लंडनच्या ज्या 'इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने २००० साली आपल्या मुखपृष्ठावर या खंडाला आशाहीन ठरविले होते, त्यानेच डिसेंबर २०११ मध्ये उगवत्या आफ्रिकेचे मुखपृष्ठ छापले. त्याच वर्षी आफ्रिकी विकास बँकेने एक अहवाल काढला. आफ्रिकेतील सुमारे ३४ टक्के लोक, म्हणजे तीस कोटींहून अधिक माणसे, आता मध्यमवर्गात मोडतात असा त्याचा निष्कर्ष होता. हा निष्कर्ष जगभर उद्धृत झाला. परंतु मध्यमवर्गाची व्याख्या काय केली होती, हे पाहण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. दिवसाला दोन ते वीस डॉलर खर्च करणारा तो मध्यमवर्गीय, अशी ती व्याख्या होती. आणि यांपैकी जवळजवळ साठ टक्के लोक दोन ते चार डॉलरांच्या पायरीवर उभे होते. अहवालानेच त्यांना 'तरंगता' वर्ग म्हटले होते. घरात एक आजारपण आले किंवा एक पाऊस चुकला, की पुन्हा दारिद्र्यात जाणारी ही माणसे! त्यांना मध्यमवर्ग म्हणणे म्हणजे शब्दाची ओढाताण करणे होय.

या ओढाताणीची किंमत काही कंपन्यांनी लवकरच मोजली. जून २०१५ मध्ये नेस्ले या कंपनीने आफ्रिकेतील एकवीस देशांतील आपल्या नोकरवर्गात पंधरा टक्के कपात करीत असल्याचे जाहीर केले. तेथील मध्यमवर्ग अपेक्षेपेक्षा फार लहान आहे आणि तो वाढतही नाही, असे कारण तिच्या अधिकाऱ्याने दिले. वास्तविक या कंपनीला आफ्रिकी गिऱ्हाईक नवे नव्हते. पश्चिम आफ्रिकेतील बाजारात तिच्या मसाल्याच्या वड्या एकेक करून विकल्या जातात. दुधाची भुकटी, साबण, तेल हे सारे एका वेळच्या पुडीत मिळते. केनियात या किरकोळ खरेदीविक्रीला 'काडोगो' म्हणजे चिमुकली म्हणतात. पुडीने विकत घेणाऱ्याला तीच वस्तू वजनाच्या हिशेबाने महाग पडते, हे त्यालाही समजते. पण महिन्याचा डबा एकदम भरण्याइतका पैसा एका वेळी हातात येत नाही. बाजारात गर्दी दिसते, माल खपतो आणि गर्दीलाच समृद्धी समजण्याची चूक होते.

या चुकीच्या मुळाशी अर्थशास्त्रातील एक साधे समीकरण आहे. राष्ट्रीय उत्पन्न म्हणजे कुटुंबांचा उपभोगखर्च, गुंतवणूक, सरकारी खर्च आणि निर्यात वजा आयात यांची बेरीज, हे पदवीच्या पहिल्या वर्षातील विद्यार्थीही सांगेल. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत यांतील दोनतृतीयांशांच्या आसपास वाटा एकट्या उपभोगखर्चाचा असतो. यावरून उपभोगखर्च हे आफ्रिकेच्या वाढीचे इंजिन आहे, असे विधान अहवालांतून सर्रास आढळते. परंतु बेरजेतील सर्वांत मोठी संख्या ही त्या बेरजेचे कारण असते, असे गणितात कोठेही सांगितलेले नाही. गरीब देशात उपभोगाचा वाटा मोठा असतो तो लोक फार खर्च करतात म्हणून नव्हे, तर पोट भरल्यावर गुंतविण्यास फारसे उरत नाही म्हणून.

मग प्रत्यक्ष वाढ कशाने झाली? २००० नंतरच्या पंधरा वर्षांत ती प्रामुख्याने जमिनीखालून आली. चीनची मागणी वाढली तसे तेल, तांबे, लोखंडाचे खनिज यांचे भाव चढले. अंगोलात यादवी संपल्यावर तेलाच्या पैशाचा असा पूर आला, की परदेशी नोकरदारांना राहण्यास जगातील सर्वांत महाग शहर म्हणून मर्सर संस्थेच्या यादीत लुआंडा वारंवार पहिले आले. तेथील बहुसंख्य रहिवासी झोपडपट्टीत राहत होते. घानात डिसेंबर २०१० मध्ये समुद्रातून तेल निघू लागले आणि पुढच्याच वर्षी विकासदर चौदा टक्क्यांच्या आसपास गेला. दुसरे साधन सरकारी बांधकामाचे: रस्ते, धरणे, आगगाड्या; आणि तेही बव्हंशी परकी कर्जातून. तिसरे दूरध्वनी व तत्सम सेवांचे. चौथ्या साधनाचा उल्लेख सहसा होत नाही, ते म्हणजे लोकसंख्या. या प्रदेशाची लोकसंख्या वर्षाला सुमारे अडीच टक्क्यांनी वाढते. उत्पन्न चार टक्क्यांनी वाढले, असे ऐकून समाधान मानणाऱ्याने त्यातून हे अडीच टक्के वजा करावेत. उरलेल्या दीड टक्क्याने माणशी उत्पन्न दुप्पट होण्यास सत्तेचाळीस वर्षे लागतात. एवढे चार टक्केही दरवर्षी पडत नाहीत. २०१४ च्या मध्यास शंभर डॉलरवर असलेले तेल जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली आले आणि त्या वर्षी नायजेरियाचे उत्पन्न वाढण्याऐवजी घटले. पुढे अनेक वर्षे तेथील लोकसंख्या उत्पन्नापेक्षा अधिक वेगाने वाढत राहिली.

यांपैकी एकाही साधनाचा बहुसंख्य कुटुंबांच्या मिळकतीशी थेट संबंध नाही. तेलविहिरीवर फार थोडी माणसे लागतात. म्हणूनच या देशांची खरी स्थिती जाणायची, तर विकासदराच्या तक्त्यापेक्षा घरखर्चाच्या पाहणीकडे वळणे अधिक फलदायी ठरते. आपल्याकडे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' मोजले, ते राष्ट्रीय नमुना पाहणीतील उपभोगखर्चाच्या आकड्यांवरूनच. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे, १८५७ साली, एर्न्स्ट एंगेल या जर्मन सांख्यिकाने एक नियम मांडला होता. कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्रात इतके टिकाऊ नियम फार थोडे. नायजेरियाच्या २०१९ च्या पाहणीत कुटुंबांच्या एकूण खर्चापैकी ५६.६५ टक्के खर्च अन्नावर झालेला आढळला. प्रवास, आरोग्य, शिक्षण या प्रत्येकावर सहा टक्क्यांच्या आसपास. भारताच्या ग्रामीण भागात हा अन्नाचा वाटा १९९९-२००० मध्ये ५९.४ टक्के होता. २०२२-२३ मध्ये तो सुमारे ४६ टक्क्यांवर आला. म्हणजे आफ्रिकेच्या सर्वांत मोठ्या तेलउत्पादक देशातील सर्वसाधारण कुटुंब, शहरे धरूनही, खर्चाच्या वाटणीत जवळजवळ तेथेच उभे होते, जेथे शतकाच्या आरंभी भारतातील खेडे उभे होते.

त्या पाहणीतील आणखी एक तपशील पाहण्यासारखा आहे. अन्नखर्चात सर्वांत मोठी रक्कम घराबाहेर खाल्लेल्या अन्नाची होती. चैनीची उपाहारगृहे डोळ्यांपुढे आणण्याचे कारण नाही. लागोससारख्या शहरात पहाटे घर सोडून रात्री परतणारा कामगार रस्त्याकडेच्या बाईकडून जे घेतो, ते हे जेवण. त्यानंतर क्रम येतो तो कंदमुळांचा. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो, त्याच कसाव्याचा गारी नावाचा रवा तेथे गरिबाचे मुख्य अन्न आहे. रताळ्याहून मोठा 'याम' नावाचा कंद, भात, चवळी हे त्याच्या जोडीला.

अशा देशात २९ मे २०२३ रोजी नवे अध्यक्ष बोला टिनुबू यांनी शपथविधीच्या भाषणातच पेट्रोलचे अनुदान संपल्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात नायराचा दर बाजारावर सोडण्यात आला. दोन्ही निर्णयांची आर्थिक बाजू भक्कम होती, हे मान्य केले पाहिजे. २०२२ या एका वर्षात पेट्रोलच्या अनुदानावर चार लाख कोटी नायरांहून अधिक खर्च झाला होता. स्वस्त पेट्रोल सीमेपलीकडे बेनिनमध्ये चोरून जात होते आणि ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांना त्याचा सर्वाधिक लाभ मिळत होता. कच्चे तेल विकायचे आणि पेट्रोल आयात करायचे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालला होता. हुंडणावळीचे दोन दर असल्यामुळे सरकारी दराने डॉलर मिळविणाऱ्या वशिल्याच्या मंडळींना घरबसल्या नफा होता. हे सारे केव्हातरी थांबणे अटळ होते.

परंतु पेट्रोलचा संबंध मोटारीशीच असतो, हा समज नायजेरियात खरा नाही. तेथे विजेचा भरवसा नसल्याने दुकानदार, शिंपी, न्हावी, पिठाची गिरणीवाला हे सारे लहान जनित्रांवर चालतात. 'शेजाऱ्यापेक्षा मी बरा' अशा अर्थाचे एक विनोदी नाव लोकांनी सर्वांत लहान जनित्राला दिले आहे! कसावा शेतातून बाजारात येतो तो मालमोटारीने. लिटरला दोनशे नायरांच्या आत असलेले पेट्रोल काही दिवसांत पाचशेच्या आणि दीड वर्षात हजाराच्या वर गेले. ते नुसते पंपावर महाग झाले नाही. गारीच्या मापात, शाळेच्या बसभाड्यात आणि केस कापण्याच्या दरातही महाग झाले. नायराच्या घसरणीने आयात गहू, खते, औषधे यांचे भाव चढले. जून २०२४ मध्ये अन्नधान्याची भाववाढ वार्षिक चाळीस टक्क्यांहून अधिक नोंदली गेली. ज्याच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा अन्नाचा, त्याच्यावर हा आघात केवढा झाला असेल, हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

पगारदारांची अवस्था पाहावी. जुलै २०२४ मध्ये किमान मासिक वेतन ३० हजार नायरांवरून ७० हजारांवर नेण्यात आले. वाढ दुपटीहून अधिक, कागदावर नेत्रदीपक. पण घसरणीपूर्वीच्या दराने ३० हजार नायरा म्हणजे सुमारे ६५ डॉलर होत, तर नव्या दराने ७० हजार नायरांचे ४५ डॉलरच्या आसपास होतात. तांदळाची पन्नास किलोची गोणी त्या वेळी या साऱ्या वेतनाइतकी किंवा त्याहूनही महाग होती. शिवाय किमान वेतन लागू होते ते नोकरीच्या पटावर ज्यांचे नाव आहे त्यांना. नायजेरियातील बहुसंख्य श्रमिकांचे नाव कोणत्याच पटावर नसते. झळ सोसण्यासाठी दीड कोटी कुटुंबांना तीन महिने दरमहा २५ हजार नायरा देण्याची योजना अनुदान बंद झाल्यानंतर काही महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये निघाली आणि गैरव्यवहाराच्या आरोपांमुळे जानेवारी २०२४ मध्ये अशा सर्व योजना तात्पुरत्या स्थगित झाल्या. आधी उपचार आणि मग शस्त्रक्रिया, हा क्रम येथे उलटा झाला. २०१८-१९ मध्ये सुमारे ४० टक्के असलेले दारिद्र्याचे प्रमाण २०२४ मध्ये ५६ टक्क्यांवर गेल्याचा जागतिक बँकेचा अंदाज आहे. म्हणजे सुमारे तेरा कोटी माणसे. याच काळात राष्ट्रीय उत्पन्न वर्षाला सुमारे तीन टक्क्यांनी वाढतच होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या साऱ्यातून निघणारा प्रश्न नवा नाही. १९५३ साली, घाना अद्याप 'गोल्ड कोस्ट' या नावाने ब्रिटिशांच्या ताब्यात असताना, आर्थर लुईस या अर्थशास्त्रज्ञाने तेथील औद्योगिकीकरणाविषयी सरकारला एक अहवाल दिला. कोणते कारखाने काढावेत, हे त्याला विचारले होते. त्याने सांगितले, की आधी अन्न पिकविणाऱ्या शेतकऱ्याची उत्पादकता वाढवा. कारखान्यांना लागणारी माणसे आणि कारखान्यांच्या मालाला लागणारे गिऱ्हाईक दोन्ही त्यातूनच मिळतील. १९५७ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर लुईस पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा यांचा आर्थिक सल्लागार झाला, पण मतभेदांमुळे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस परतला. एन्क्रुमांना व्होल्टा नदीवरचे आकोसोम्बो धरण आणि ॲल्युमिनियमचा कारखाना अधिक प्रिय होता. धरण जानेवारी १९६६ मध्ये सुरू झाले. पुढच्याच महिन्यात लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. लुईसला १९७९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या त्या अहवालाची मुख्य सूचना मात्र घानात आजही बव्हंशी अंमलात यावयाची आहे.

योगायोग असा, की याच सुमारास मुंबई विद्यापीठातही हाच विचार स्वतंत्रपणे मांडला जात होता. चं. न. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये आपल्या ग्रंथात दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या अवजड उद्योगांवरील भरास आक्षेप घेतला. गरीब देशात रोजगार अडतो तो यंत्रांच्या अभावी नव्हे, तर श्रमिकाच्या उपभोगात येणाऱ्या वस्तूंच्या, म्हणजे धान्य आणि कापडासारख्या वेतनवस्तूंच्या तुटवड्यामुळे, असे त्यांचे प्रतिपादन होते. नव्या माणसाला कामावर घ्यायचे, तर त्याने खायचे काय, याची तजवीज आधी हवी. त्या काळी महालनोबिस यांच्या आराखड्यापुढे मुंबईकरांचा हा विचार मागे पडला. १९६५-६६ च्या दुष्काळानंतर आणि हरितक्रांतीनंतर त्याचे मोल अधिक उमगले.

आजच्या आफ्रिकेला हा विचार जितका लागू पडतो, तितका तो क्वचितच कोठे पडला असेल. ज्या देशांचे दरडोई उत्पन्न सारखे आहे अशा इतर देशांशी तुलना केली, तर सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत अन्न तीस ते चाळीस टक्क्यांनी महाग पडते, असे संशोधकांना आढळले आहे. माणूस गरीब आणि अन्न महाग, असा हा दुहेरी पेच आहे. कामगाराला नुसते पोट भरण्यास जो पगार द्यावा लागतो, तोच मालकाला जड जातो. म्हणूनच केनिया, टांझानिया, सेनेगल येथे कारखान्यातील कामगार बांगलादेशातील कामगारापेक्षा मालकास महाग पडतो, असे काही वर्षांपूर्वीच्या तौलनिक अभ्यासात दिसून आले. कापडाचा कारखाना चितगावला जातो आणि मोम्बासाला येत नाही, याची अनेक कारणे असतील. भाकरीचा भाव हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण होय. आणि कारखाना आला नाही, की शेतीतून सुटणारी माणसे शहरात येऊन पुड्या विकतात.

अन्न महाग का, याचे उत्तर शेतात आणि रस्त्यावर सापडते. या प्रदेशात तृणधान्याचे हेक्टरी उत्पादन पंधरा-सोळा क्विंटलच्या घरात आहे. भारतात ते त्याच्या दुपटीहून अधिक आणि जगाची सरासरी चाळीस क्विंटलच्या वर आहे. रासायनिक खताचा वापर हेक्टरी वीस किलोच्या आसपास. तो २०१५ पर्यंत पन्नास किलोवर नेण्याचा संकल्प आफ्रिकी राष्ट्रांनी २००६ मध्ये अबुजा येथे सोडला होता. बहुतेक शेती पावसावर. जे पिकते ते वाटेतील खड्डे, नाकी आणि चिरीमिरी ओलांडून शहरात पोहोचेपर्यंत त्याचा भाव वाढतो आणि वजन घटते.

घानातील कोकोचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारी विक्री मंडळाने शेतकऱ्याला जागतिक भावाचा लहानसा अंश देऊन उरलेली रक्कम विकासासाठी वळविली. शेतकऱ्यांनी झाडांची निगा सोडली, माल सीमेपलीकडे आयव्हरी कोस्टमध्ये नेऊन विकला. १९६४-६५ मध्ये साडेपाच लाख टनांहून अधिक असलेले उत्पादन १९८३-८४ पर्यंत १ लाख ६० हजार टनांवर उतरले. चाळीस वर्षांनी, २०२४ मध्ये, कोकोचा जागतिक भाव टनाला दहा हजार डॉलरच्या वर गेला तेव्हा मंडळाने बराचसा माल आधीच जुन्या भावाने विकून ठेवला होता. विक्रमी भावाच्या वर्षात घानाच्या शेतकऱ्याला त्या भावाचा अंशच मिळाला आणि माल पुन्हा सीमेपलीकडे जाऊ लागला.

मात्र अन्न स्वस्त करणे म्हणजे शेतकऱ्याचा भाव पाडणे, असा अर्थ घेतला तर ते दुसरे संकट ठरते. नायजेरियाने ऑगस्ट २०१९ मध्ये शेतकऱ्याला संरक्षण म्हणून सीमा बंद करून तांदळाची आयात रोखली. भाव चढले, पण तुटवडा भरून निघण्याइतके उत्पादन काही वाढले नाही. जुलै २०२४ मध्ये महागाईने हैराण होऊन त्याच देशाने मका, गहू, भात यांवरील आयातकर काही महिन्यांसाठी माफ केल्याची घोषणा केली. २०२५ मध्ये धान्याचे भाव उतरले. तेव्हा महाग खत घालून मका पिकविलेल्या उत्तरेकडील शेतकऱ्याने खर्चही निघत नाही म्हणून गाऱ्हाणे मांडले. दोन्ही खरे होते, ग्राहकाचे आणि शेतकऱ्याचेही. हेक्टरी पीक वाढल्याखेरीज या दोघांचे एकाच वेळी समाधान करता येत नाही.

या कोंडीत महाराष्ट्राचाही एक धागा गुंतलेला आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेल्यावर भारत सरकारने २०१६ मध्ये मोझांबिकशी तूर खरेदीचा करार केला. मोझांबिक, मलावी, टांझानिया येथील लहान शेतकऱ्यांनी भारताकडे पाहून तूर पेरली. त्याच हंगामात भारतातील तुरीचे पीक जवळजवळ दुप्पट झाले. लातूर-अकोल्याच्या बाजारात हमीभावही मिळेना. ऑगस्ट २०१७ मध्ये दिल्लीने तुरीच्या आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकचा करारातील कोटा वेगळा ठेवला होता. तरीही पूर्व आफ्रिकेतील तुरीचे भाव कोसळले. मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या दृष्टीने तो निर्णय उशिरा आलेला दिलासा होता. मोझांबिकच्या उत्तरेकडील खेड्यात त्याच निर्णयामुळे त्या वर्षी किती घरांनी पत्रे, सायकली आणि वह्या घेतल्या नसतील, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. मे २०२१ पासून आयात पुन्हा खुली झाली, कारण तेव्हा भारतात डाळ पुन्हा महागली होती.

पिठाच्या भावाने सरकारे कशी हादरतात, हे झांबियाने दाखविले आहे. तांब्याच्या या देशात मक्याच्या पिठावरील अनुदान डिसेंबर १९८६ मध्ये काढताच खाणीच्या शहरांत दंगली उसळल्या आणि सरकारला माघार घ्यावी लागली. जून १९९० मध्ये भाव पुन्हा दुप्पट केला, पुन्हा दंगली. स्वातंत्र्यापासून सत्तेवर असलेले केनेथ काउंडा १९९१ च्या निवडणुकीत हरले. २०२४ मध्ये तेथे अवर्षण पडले, मक्याचे पीक निम्म्यावर आले, करिबा धरणातील पाणी आटून वीज तासन् तास जाऊ लागली. तांब्याला जागतिक बाजारात उत्तम भाव होता, तेव्हाची ही गोष्ट. २०२५ मध्ये पाऊस चांगला झाला आणि मका विक्रमी पिकला. त्या देशातील संसाराच्या खर्चाचा अंदाज लंडनच्या धातुबाजारापेक्षा आभाळाकडे पाहून अधिक बरोबर येतो.

चांगले काहीच घडले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. इथिओपियाचे दारिद्र्य १९९५-९६ मधील ४५.५ टक्क्यांवरून २०१५-१६ मध्ये २३.५ टक्क्यांवर आले. त्या काळातील धरणांचा आणि आगगाडीचा गाजावाजा मोठा झाला. परंतु गरिबी हटण्यात सिंहाचा वाटा शेतीच्या वाढीचा होता, असे जागतिक बँकेनेच आपल्या पाहणीत नोंदविले आहे. गावोगाव नेमलेले शेतीसेवक, बियाणे, खते आणि खेड्यापर्यंत गेलेले रस्ते यांची ती कमाई होती. पुढे कर्ज, यादवी आणि चलनाची घसरण यांनी ती बरीच खाल्ली. केनियात मार्च २००७ मध्ये सुरू झालेल्या एम्-पेसा या दूरध्वनीवरील पैसे पाठविण्याच्या सोयीने सुमारे दोन टक्के कुटुंबे दारिद्र्यातून वर आली, असा निष्कर्ष तवनीत सुरी व विल्यम जॅक यांनी २०१६ मध्ये काढला. शहरातल्या मुलाने धाडलेले पैसे अडीच्या वेळी त्याच दिवशी आईच्या हातात पडतात. मग शेळी विकावी लागत नाही. परदेशातील केनियन लोक २०२४ मध्ये पाच अब्ज डॉलरच्या जवळपास रक्कम घरी पाठवीत होते, आणि चहाच्या निर्यातीपेक्षा ही रक्कम कितीतरी मोठी आहे.

त्याच केनियात मे २०२४ मध्ये सरकारने पावावर सोळा टक्के कर सुचविला. कर्जावरील व्याज भागविण्यास पैसा हवा होता. निदर्शने उसळताच पावावरचा कर मागे घेतला गेला, पण इतर अनेक कर कायम राहिले. २५ जूनला तरुणांचा जमाव संसदेत घुसला, गोळीबारात अनेक जण मृत्युमुखी पडले आणि दुसऱ्या दिवशी अध्यक्ष रुटो यांनी विधेयकावर सही करण्यास नकार दिला.

आपल्या अर्थसंकल्पाचा दहावा हिस्सा शेतीवर खर्च करण्याचे आफ्रिकी राष्ट्रांनी २००३ मध्ये मापुतो येथे ठरविले होते. फार थोड्या देशांनी ते सातत्याने पाळले. जानेवारी २०२५ मध्ये कंपाला येथे नवा जाहीरनामा निघाला. २०३५ पर्यंत अन्नोत्पादन ४५ टक्क्यांनी वाढवायचे आणि त्यासाठी शंभर अब्ज डॉलर उभे करायचे, असे त्यात म्हटले आहे. नायजेरियाच्या २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सुमारे २८ लाख कोटी नायरांपैकी सव्वाआठ लाख कोटी कर्जफेडीसाठी राखून ठेवले होते. शेतीच्या वाट्याला आले ते दोन टक्क्यांहूनही कमी.